धसकटापर्यंत

शाळू काढायला आला होता. २०१२ चा फेब्रुवारी. तामलवाडीच्या आमच्या रानात बायका विळ्यानं ताटं कापत पुढं सरकत होत्या आणि मी मागं राहिलेली धसकटं टिकावानं खणून गोणपाटावर मांडत होतो. काळी वाळून भेगाळली होती, मुळांना ढेकळं धरून होती. थोरल्या चुलतीनं कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. "कणसं सोडून धसकटं कशाला नेतूस, बाबा?" तपासायला नेतोय, कणसंही नेणार आहे, कडबाही आणि पोतंभर मातीही, असं मी सांगितलं. ती थोडी गप्प राहिली. मग म्हणाली, "टीव्हीवर जपानच्या भाताचं दाखवत व्हते. त्यात म्हणं इख उतरलंय. आपल्या ज्वारीत बी तसलं कायतरी आसतंय का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. नुसतं "नाही" म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि "हो" म्हणून निघून आलो असतो तर म्हातारी रात्रभर जागी राहिली असती. "मोजून सांगतो," एवढंच म्हणालो.

मोजणं हीच माझी नोकरी होती. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात, पर्यावरणाचे नमुने गोळा करून ते मोजणीजोगे करणाऱ्या हातांपैकी मी एक. दूध, मासळी, भाजी, तांदूळ, माती, विहिरीचं पाणी. अणुकेंद्राच्या आसपासच्या नमुन्याला अर्थ येतो तो लांबच्या, कसलंही केंद्र जवळ नसलेल्या जमिनीच्या नमुन्याशी ताडून पाहिल्यावर. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या माझ्या गावाचं नाव त्या कामासाठी मीच सुचवलं होतं. दख्खनचा काळा दगड, त्याची झिजून झालेली काळी माती, त्यात मालदांडी ज्वारी. ही मालदांडी इथून जवळच्याच मोहोळच्या केंद्रातून निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या आमच्या ताटात आहे. तुलनेसाठी याहून बरं रान कुठलं मिळणार होतं?

हे काम चिकाटीचं आहे. रानात पाच ठिकाणची माती वीतभर खोलीपर्यंत घ्यायची, एकत्र कालवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायची, पुन्हा चार भाग. त्याच पाच ठिकाणची ताटं घ्यायची, म्हणजे त्या मुळांनी तीच माती चाखलेली असते. मग मुळं वेगळी, ताट-पाला वेगळा, दाणा वेगळा. धुवायचं, वाळवायचं, भट्टीत राख करायची. दहा किलो ज्वारीची राख जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम भरते. भट्टी साडेचारशे अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर सीझियम उडून जातं. पोलोनियम तर त्याच्याही आधी उडतं, म्हणून त्यासाठी राख न करता नमुना आम्लात विरघळवायचा. रेडियमसाठी डबा हवाबंद करून महिनाभर ठेवायचा. आत तयार होणारा रेडॉन वायू निसटला तर हिशेब चुकतो. शेवटी शिशाच्या विटांच्या आत, द्रवरूप नायट्रोजननं थंड ठेवलेल्या शोधकापुढं तो डबा सोळा-सतरा तास. पडद्यावर एकेक कण जमत सुळके उभे राहतात. ऊर्जेच्या पट्टीवर प्रत्येक सुळक्याची जागा ठरलेली असते. ६६२ वर उठला तर सीझियम, १४६० वर उठला तर पोटॅशियम.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडून एक चूक झाली होती आणि ती मला पुढं कायम उपयोगी पडली. रस्त्याकडेच्या मळ्यातली मेथी मी घाईत, एकाच पाण्यात धुऊन भट्टीत टाकली. मोजणीत थोरियम इतकं आलं की मी घाबरून साहेबांकडं धावलो. त्यांनी कागद पाहिला, मळ्याच्या मातीचा कागद शेजारी ठेवला. दोन्हींत थोरियम आणि युरेनियमचं एकमेकांशी प्रमाण अगदी सारखं होतं. ते म्हणाले, "थोरियम मुळातून वर चढतच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही मेथी मोजलेली नाही, मेथीवरची धूळ मोजलीत." चुलीवर टाकायच्या आधी भाजी तीन पाण्यांतून काढायला आमच्या आया का सांगत, याचं एक कारण मला त्या दिवशी आकड्यांत दिसलं. थोरियम, युरेनियमसारखे जड धातू पालेभाजीतून पोटात जातात ते बऱ्याचदा मुळांवाटे आलेले नसतात. पानावर बसलेल्या मातीच्या कणांबरोबर ते जातात.

पण मग मुळांवाटे काय जातं?

मुळाला किरणोत्सार कळत नाही. त्याला कळतो फक्त अणूचा आकार आणि त्यावरचा विद्युतभार. पिकाला पोटॅशियम भरपूर लागतं, त्यासाठी मुळाच्या पेशींवर खास दारं असतात. सीझियम त्याच घराण्यातलं, तसंच एकाच भाराचं. मातीत पोटॅशियम कमी पडलं की भुकेलं मूळ जास्तीची दारं उघडतं आणि त्या गर्दीत सीझियम आत शिरतं. स्ट्रॉन्शियम आणि रेडियम यांचं कॅल्शियमशी असंच नातं आहे. मातीत चुना कमी असेल तर ती कॅल्शियमच्या वाटेनं आत जातात आणि पुढं पान, साल, हाड जिथं कॅल्शियम जातं तिथं जाऊन बसतात. आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे पायाला टोचतात इतका चुना आहे. शेतकरी त्याला नावं ठेवतो, कारण त्यामुळं लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही आणि द्राक्षाची पानं पिवळी पडतात. पण रेडियमच्या बाबतीत हाच चुना पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. शिवाय काळ्या मातीतला चिकण भाग धातूंचे कण धरून ठेवतो.

युरेनियमची तऱ्हा वेगळी. ते पिकाच्या कुठल्याच अन्नासारखं नाही. आम्लधर्मी जमिनीत ते मोकळं होऊन मुळापर्यंत येतं, पण तिथं पेशींच्या भिंतींना चिकटतं, फॉस्फेटबरोबर साका होऊन बसतं. वर ताटात थोडं जातं, दाण्यात त्याहून कितीतरी थोडं. किलोभर मातीत जेवढं आहे त्याच्या तुलनेत किलोभर वाळल्या दाण्यात किती उतरलं, या गुणोत्तराला आम्ही संक्रमणाचा गुणांक म्हणतो. धान्याच्या बाबतीत युरेनियमसाठी जगभरच्या मोजणीत तो साधारण शंभराव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याच्याही खाली येतो. म्हणून मी धसकटं खणत होतो. गोष्ट तिथं अडते, आणि ती अडलेली पाहायची तर धसकटच लागतं.

काम करता करता मला एक गोष्ट कळली होती, ती मी त्या फेब्रुवारीत गावच्या मित्रांना खताच्या दुकानात उभं राहून दाखवली. सोबत साधं हातात धरायचं मोजणीयंत्र होतं. युरियाच्या पोत्यापाशी काही नाही. लाल पोटॅशच्या पोत्यापाशी मात्र टकटक वाढली. दुकानदार दोन पावलं मागं सरकला. सांगावं लागलं की जगातलं सगळंच पोटॅशियम थोडं किरणोत्सारी आहे, पृथ्वी झाली तेव्हापासून. ग्रॅमभर पोटॅशियमला सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. त्या हिशेबानं पोटॅशच्या किलोमागे पंधरा हजारांच्या वर बेकरेल, म्हणजे सेकंदाला फुटणारे अणू, होतात. ज्वारीच्या किलोत शंभराच्या आसपास, तुरीच्या डाळीत तीन-चारशे, आणि आपल्या स्वतःच्या देहात चार हजारांहून अधिक. शरीर जेवढं पोटॅशियम लागतं तेवढं ठेवतं आणि बाकीचं टाकून देतं, म्हणून वरण जास्त खाल्लं तर ते साठत नाही. त्या आकड्यानं घाबरायचं कारण नाही. तो आकडा नसता तर आपण जगलोच नसतो.

आणि जपानमध्ये याच पोटॅशनं भात वाचवला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचं केंद्र फुटलं, सीझियम शेतांवर पडलं. एप्रिल २०१२ पासून त्यांनी अन्नासाठी मर्यादा किलोमागे ५०० वरून १०० बेकरेलवर आणली. पहिल्या वर्षी लोकांनी सूर्यफुलं लावली होती; सूर्यफूल जमिनीतलं विष ओढून घेतं अशी आशा होती. मोजल्यावर दिसलं की त्यानं मातीतल्या सीझियमचा दोन हजारावा भागही धड ओढला नाही. तेव्हा शेतकऱ्यांनी खाचरांत पोटॅश टाकलं. मुळाची भूक भागली, दारं मिटली, तांदळात सीझियम उतरेनासं झालं. त्या प्रांतातला भाताचा प्रत्येक कट्टा, वर्षाला सुमारे एक कोटी कट्टे, एकेक करून यंत्रावरून गेला. २०१५ च्या हंगामापासून मर्यादा ओलांडणारा एकही कट्टा निघाला नाही. हे वाचलं की मला त्या शेतकऱ्यांचा हेवा वाटतो. त्यांच्यावर संकट मोठं आलं, पण त्यांना स्वतःच्या धान्याचा आकडा माहीत होता.

आपल्याकडं हा प्रश्न पहिल्यांदा घराघरांत आला तो लोण्यामुळं. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं. युरोपात गवतावर सीझियम पडलं, गाईंनी गवत खाल्लं, ते दुधात उतरलं. त्यानंतर आयर्लंडहून मुंबईत दोनशे टन लोणी आलं आणि एका डॉक्टरांनी ते विकायला हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली, समितीनं लोणी खायला सुरक्षित ठरवलं आणि १९८८ साली याचिका फेटाळली गेली. पण डॉक्टरांनी विचारलं ते बरोबर केलं, असंच मला आजही वाटतं. विचारलं म्हणून मोजलं गेलं.

जाता जाता एक. गावात मला दरवेळी विचारतात की टीएजी २४ या भुईमुगाची शेंग किरणांवर काढलेली, मग ती किरणोत्सारी का नाही? त्या भुईमुगाच्या घडणीत बियांवर किरण सोडून बदल घडवलेले आहेत, पण सूर्यप्रकाशात ठेवलेली परात अंधारात नेल्यावर उजेड देत नाही. बी किरण खातं, साठवत नाही. लासलगावला कांद्यावर किरण सोडतात तेही तसंच.

नमुन्यांचं काम संपायला जून उजाडला. आमच्या ज्वारीचं सांगायचं तर, दाण्यात पोटॅशियम सोडून बाकी जे काही होतं ते यंत्राच्या नजरेला पडता पडता राहत होतं. धसकटात, दहा पाण्यांनी धुतल्यावरही, युरेनियम स्पष्ट होतं. ताटात त्याहून कमी, दाण्यात नावाला. गावाबाहेरच्या माळाच्या, कधी न नांगरलेल्या मातीत ६६२ वर एक ठेंगणा सुळका उठला होता. पन्नाशी-साठीच्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर बॉम्ब फोडले, १९६३ च्या करारानं त्या मोठ्या चाचण्या थांबल्या, पण तेव्हा पावसाबरोबर उतरलेलं सीझियम तीस वर्षांत निम्मं होत अजून आमच्या माळावर, वरच्या दोन बोटं मातीत बसलेलं होतं. त्या माळावर मी लहानपणी शेरडं राखली होती. हजारो मैलांवर कुणी काय केलं त्याची खूण तिथं सापडावी, हे मला फार वेळ पटेना.

चुलतीला मी सांगितलं, "ज्वारीत इख न्हाई. भाकरी निवांत खा. आपल्या मातीनं आणि मुळांनी बरंचसं खालीच अडवलंय."

"मग धसकटं जाळू का नको चुलीत?" तिनं विचारलं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. धसकटात जे अडकलंय ते इतकं थोडं आहे की चुलीनं धोका नाही, धुरानं जो त्रास व्हायचा तोच. तेही मी तिला सांगितलं.

पण दोन गोष्टींवर माझं मन निवांत झालेलं नाही.

पहिली खताची. डीएपी आणि सुपर फॉस्फेट ज्या दगडापासून होतं तो स्फुरदाचा दगड बहुतांशी परदेशातून येतो, आणि अशा दगडात बहुधा युरेनियमही असतं. डीएपीच्या कारखान्यात रेडियम मुख्यतः मागं जिप्समच्या ढिगात राहतं, युरेनियम मात्र खताच्या पोत्याबरोबर रानात येतं. खाणीप्रमाणं प्रमाण बदलतं. किलोमागे शंभर मिलिग्रॅम धरलं तर ५० किलोच्या पोत्यात पाच ग्रॅम. आमच्या काळ्या दगडात ते मुळातच कमी. मातीच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम धरलं तर एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं. म्हणजे वर्षाला एक पोतं टाकणाऱ्याला काही पिढ्यांत स्वतःच्या जमिनीतलं युरेनियम दुप्पट करता येईल. इंग्लंडात रोथमस्टेडच्या रानांत जवळपास शतकभर सुपर फॉस्फेट टाकून पाहिलेलं आहे. तिथं खतातलं बहुतेक युरेनियम नांगरटीच्या थरातच साचलेलं निघालं. दुप्पट झालं तरी जगातल्या कितीतरी जमिनींपेक्षा ते कमीच राहील, पीक ते वर चढू देणार नाही, हेही खरं. तरीही द्राक्षाच्या बागेत माती न तपासता हंगामाला चार-चार पोती ओतलेली मी पाहतो तेव्हा जीव हळहळतो. त्या मातीत स्फुरद आधीच साचून असतो. पैसे गेले, जस्त बांधलं गेलं, आणि एकदा पडलेलं युरेनियम परत उचलता येत नाही.

तंबाखूचंही इथंच सांगतो, कारण सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. तंबाखूच्या पानावर चिकट लव असते. हवेतल्या रेडॉनपासून झालेलं शिसं आणि पोलोनियम त्या लवेला चिकटतं, धुऊन जात नाही. तंबाखूच्या धुरात पोलोनियम आहे हे १९६४ सालीच छापून आलं. विडी पेटली की ते वाफ होऊन थेट फुप्फुसात उतरतं. जपानच्या भाताची भीती वाटणारा माझा एक चुलतभाऊ तेव्हा दिवसाला दोन बंडलं ओढत होता. त्याला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण विडी सोडली नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्यावर मला जास्त बोलायचंय. पावसानं २०१२ सालीच दगा दिला. पुढचे दोन उन्हाळे आणि मग २०१५-१६ चा दुष्काळ, जिल्ह्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरत होत्या. आमच्या शिवारात जिथं बाबांच्या वेळी परसभर विहिरीला पाणी होतं तिथं लोक पाचशे, सहाशे, सातशे फूट गेले. आमच्यासारख्या चुनखडीच्या, खारवट पाण्यात युरेनियम कार्बोनेटशी जोडी करून विरघळतं आणि पाण्याबरोबर वाहतं. रानात टाकलेल्या खतातला नायट्रेट खाली झिरपला तर तोही त्याला सोडवायला मदत करतो. पंजाबात माळव्याच्या पट्ट्यात, कर्नाटकात कोलारकडं पाण्यात ते मर्यादेबाहेर सापडलेलं आहे. तिथला भूगर्भ वेगळा, आमचा बेसॉल्ट त्या मानानं सौम्य, म्हणून आमच्याकडं तसंच असेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण केंद्रीय भूजल मंडळानं युरेनियमवर २०२० साली जो देशभरचा अहवाल काढला तो उथळ पाण्याचा होता. सातशे फुटांखालचं पाणी उथळ नव्हे. पाण्यातलं युरेनियम किरणांपेक्षा विष म्हणून मूत्रपिंडाला अपाय करतं, आणि पिकाच्या मुळासारखा पहारा पाण्याच्या तांब्याला नसतो. मूळ जे धसकटातच अडवतं ते तांब्यातून सरळ पोटात जातं.

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू पाहतात. युरेनियम वेगळं मागावं लागतं.

म्हणून तामलवाडीच्या, आणि तामलवाडीसारख्या सगळ्या गावांच्या माणसांना विनंती. तुमच्या पिण्याच्या पाण्याचा बोअर पाचशे फुटांखाली गेला असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. दहा मिनिटं मोटर चालू ठेवून मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी भरा, बाटलीवर गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहा, आणि जिल्ह्याच्या भूजल यंत्रणेकडं देताना युरेनियमचा आकडा लेखी मागा. तिथं सोय नसेल तर नमुना कुठं पाठवणार ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.